तळहातावरचा नारळ आणि काविळीची माळ

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच सुरातली आहेत: "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, मग खोटं कसं म्हणायचं?" डोळ्यांनी पाहिलेलं बहुतेक वेळा खोटं नसतंच. नारळ उभा राहतो, माळ वाढते, लिंबातून लाल रस गळतो. वाद आहे तो फक्त "कशामुळे" याचा.

आमच्याकडे बोअर मारायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालतो आणि पाण्याच्या जागी नारळ आपोआप उभा राहतो. माणूस सरळ आहे, पैशालाही हपापलेला नाही. त्यानं दाखवलेल्या जागी चुलत्यांना पाणी लागलं. मग विश्वास ठेवायला हरकत काय?
— एक शेतकरी, सांगोला तालुका

माणूस सरळ आहे हे आधी मान्य. पाणाडे ढोंगी असतात असं आम्ही म्हणणार नाही. बहुतेकांना मनापासून वाटतं की नारळ पाणीच उठवतं. आणि या प्रकारात अवघड आहे ते हेच, कारण नारळाला त्यांचाच हात उठवतो आणि त्या हाताचा त्यांना पत्ता नसतो.

नारळ आडवा ठेवला की तो तळवा आणि बोटं यांच्या मधल्या खळग्यात बसतो. त्याचा आकार अंड्यासारखा, शेंडीकडे निमुळता. बोटं केसभर वाकली किंवा मनगट थोडं कलंडलं की तोल जातो आणि नारळ उठायला लागतो. चालत्या माणसाचा हात स्थिर नसतोच. त्यात "इथं पाणी असणार" असं मनात आलं की स्नायू त्या दिशेनं नकळत काम करतात. अशा हालचालींना 1852 साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञानं "आयडिओमोटर" असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेनं त्याचा पुरावा दिला. तेव्हा लंडनमध्ये टेबलाभोवती बसून, त्यावर हात टेकवून भुतांकरवी टेबल फिरवून घ्यायचं खूळ होतं. फॅरेडेनं टेबलावर पुठ्ठ्याचे थर मऊ चिकटद्रव्यानं एकावर एक बसवले आणि लोकांना वरच्या थरावर हात ठेवायला सांगितलं. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. सरकला वरचा. म्हणजे हातच ढकलत होते. हाताचा दाब दाखवणारा काटा बसलेल्यांच्या समोर ठेवल्यावर तर टेबल हलायचंच थांबलं.

घरी करून बघा. फूटभर दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेकवा आणि दोरा चिमटीत धरा. कागदावर फुली काढून अंगठी तिच्या मध्यावर लोंबू द्या. हात मुद्दाम हलवू नका, नजर अंगठीवर ठेवा आणि ती मागेपुढे झुलते आहे अशी मनात फक्त कल्पना करा. अर्ध्याएक मिनिटात बहुतेकांची अंगठी झुलू लागते. आता तोच दोरा खुर्चीच्या पाठीला बांधून तशीच कल्पना करा. अंगठी ढिम्म राहील. नारळाचंही तेच. पाणाड्याला विनंती करा, "त्याच जागी नारळ पाटावर ठेवू, पाट जमिनीवर." पाणी खाली असेल तर त्याला हात आणि पाट यांतला फरक कळायचं कारण नाही. कडुनिंबाची बेचकी, तांब्याच्या काटकोनी सळया, साखळीला बांधलेली किल्ली ही सगळी याच नारळाची भावंडं.

मग चुलत्यांना पाणी कसं लागलं? महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात भूगर्भात नदीसारखे झरे वाहत नसतात. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मऊ थरात आणि खालच्या कातळाच्या भेगांत. ओढ्याकाठच्या सखल रानात चार ठिकाणी भोक पाडलं तर बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी मिळतं. माळाच्या माथ्यावर मात्र पाणाड्यासकट सगळ्यांचीच पंचाईत. शिवाय जुन्या पाणाड्याला जमीन वाचता येते. उंबर कुठं हिरवागार आहे, वारूळ कुठं आहे, शेजारची विहीर वैशाखात किती खाली जाते, हे तो टिपत असतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखण्याचा अख्खा अध्याय आहे. त्यातल्या सगळ्या खुणा खऱ्या ठरतात असं नव्हे, पण निदान तिथं बघायचं ते जमिनीकडे. पाणाड्याचं कसब त्याच्या डोळ्यांत असतं आणि श्रेय जातं नारळाला.

आता हिशेब. गावातल्या सगळ्या बोअर एका कागदावर मांडा आणि चार घरं करा: पाणाड्यानं दाखवली नि पाणी लागलं, पाणाड्यानं दाखवली नि कोरडी गेली, न विचारता मारली नि लागलं, न विचारता मारली नि कोरडी. गप्पांमध्ये पहिलंच घर भरतं. दुसऱ्या घरातल्या बोअरींना कारणं चिकटलेली असतात, "खूण फूटभर हुकली", "मशीनवाल्यानं तिरपी मारली", "सोयर होतं घरात". तिसरं घर तर कुणी मोजतच नाही. चारही घरं भरल्याशिवाय "लागतं" या शब्दाला अर्थ नाही.

पडताळा घ्यायचाच तर असा घ्या. रानात 50 मीटरची सुतळी ताणा. पाणाड्याला तीवरून चालवून सगळ्यात जोरदार पाण्याची एक जागा दाखवायला सांगा. खुंटी ठोकू नका, अंतर टेपनं मोजून वहीत लिहा. मग डोळ्यांवर कापूस ठेवून घट्ट पट्टी बांधा आणि जागा माहीत नसलेल्या माणसाकरवी त्याला दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून त्याच सुतळीवर आणा. असं दहा वेळा. मूळ जागेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर अंतरात आला तर "जुळलं" धरायचं, आणि हे सुरू करण्याआधी दोघांनी कबूल करायचं. नंतर ठरवलेले नियम नेहमी ठरवणाऱ्याच्या बाजूनं झुकतात. अंदाधुंद थांबणाराही 50 मीटरांत 2 मीटरच्या पट्ट्यात 25 वेळांतून एकदा येतोच, तेव्हा दहांत एखाददुसरी जुळली तर ती नशिबाची. सहा-सात जुळल्या तर आम्हाला जरूर कळवा. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 साली एका धान्याच्या कोठारात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पाचशेएक उमेदवारांतून निवडलेले 43 पाणाडे वरच्या मजल्यावर आणि पाण्याचा नळ खालच्या मजल्यावर गाड्यावर हलवता येईल असा. 843 चाचण्या झाल्या. काही जणांना खरंच जमतं असा दावा आयोजकांनी केला, पण आकडे नीट तपासल्यावर कुणालाही सातत्यानं जमलेलं दिसलं नाही. एका फेरीत चमकलेला दुसरीत पडत होता.

पैसे घालण्याआधी शेजारच्या पाच-सहा विहिरींची खोली आणि एप्रिल-मेमधली पातळी लिहून काढा. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. विद्युत रोधकतेची तपासणी करून घेता येते. त्यात चार सळया एका रांगेत रोवतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात आणि आतल्या दोनमध्ये विजेचा दाब मोजतात. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की खोलवरचा थर ओला की कोरडा याचा अंदाज येतो. अंदाजच. कातळातली अरुंद भेग यंत्रालाही हुकते. फरक इतकाच की हुकलं तर यंत्रवाला सोयर-सुतकाचं कारण देत नाही.

सासूबाईंना कावीळ झाली तेव्हा शेजारच्या गावाहून माळ आणली. डोक्यावर ठेवलेली माळ पाच दिवसांत गळ्यात आली आणि पुढे पोटापर्यंत वाढली. त्या बऱ्याही झाल्या. आता माझ्या मुलाचे डोळे पिवळे दिसतात आणि घरात माळच आणायचं चाललंय. नणंदबाई म्हणतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं तेही करू.
— एक वाचक, जुन्नर

आधी मुलाचं रक्त तपासा, बाकीचं त्यानंतर वाचा. बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, साधारणपणे दर 100 मिलिलिटर रक्तात 1 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली असतं. डोळे पिवळे दिसतात म्हणजे ते अडीच-तीनच्या पुढे गेलेलं असतं.

आता माळ. ओल्या झाडाच्या कोवळ्या दांड्यांचे पेराएवढे तुकडे करतात आणि दोऱ्याच्या सरकफासात एकाला एक खेटून अडकवतात. गाठ पक्की नसते, ओल्या दांडीच्या जाडीवर ताणून बसवलेली असते. दांडी सुकली की बारीक होते, फास ढिला पडतो आणि तुकडे एकमेकांपासून सरकतात. शंभर तुकडे आणि प्रत्येकामागे दोन मिलिमीटर धरले तरी माळ वीस सेंटिमीटर वाढली. बारीक दांड्यांची, मोठ्या फासाची माळ याहून जास्त वाढते. एकाच वेळी दोन माळा आणा. एक माणसाला घाला, दुसरी खुंटीला अडकवा. खुंटीला कावीळ नसते, तरी तिच्यावरची माळ तितकीच वाढेल. पंख्याखाली ठेवलीत तर जरा लवकरच.

चुन्याच्या पाण्याचं आणखी सोपं आहे. वैदूच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच चोळून वाळलेला असतो. त्या हातानं तो रुग्णाचे हात चोळतो आणि चुन्याच्या निवळीत धुतो. सालीतलं द्रव्य आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं. काविळीचं पित्त कातडीतून असं धुऊन निघत नाही. त्यानं तुमच्या नणंदबाईंचे निरोगी हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल, विचारून बघा. देवडांगरीच्या रसाचे थेंब नाकात घालून पिवळं पाणी काढण्याचा प्रकारही चालतो. ते पाणी पोळलेल्या नाकाचं असतं. हा प्रकार माळेसारखा निरुपद्रवी नाही.

सासूबाई बऱ्या झाल्या हे मात्र खरं. आपल्याकडे कावीळ बहुतेकदा दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंमुळे होते आणि ती काही आठवड्यांत आपली आपण उतरते. माळेची वाढ आणि आजाराचा उतार दोन्ही साधारण एकाच काळात घडतात, म्हणून एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं. दहांतले बहुसंख्य रुग्ण काहीही न करता बरे होणार असतील तर दारात शेळी बांधली तरी "शेळीनं कावीळ उतरते" अशी ख्याती व्हायला वेळ लागणार नाही.

घात होतो तो उरलेल्यांचा. गरोदर बाईला हेपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेततो. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर शौचाला पांढुरकं होतं आणि अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात भातखाचरात काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि मग पिवळे, हा क्रम लेप्टो या जंतुसंसर्गाचा असू शकतो आणि त्यावर प्रतिजैविक वेळेत लागतं. रुग्ण बरळू लागला, गुंगीत गेला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच तासाला दवाखाना. या लोकांचे आठ-दहा दिवस माळ वाढताना बघण्यात जातात. डॉक्टरांचं औषध चालू ठेवून सासूबाईंच्या समाधानासाठी कुणी माळ खुंटीला टांगली तर आम्ही भांडायला येणार नाही. आणि हो, हळद बंद करून काही होत नाही. हळदीचा पिवळा वेगळा, पित्ताचा वेगळा.

शाळेत "चमत्कारांमागचं विज्ञान" दाखवायचं आहे. लिंबातून रक्त आणि आपोआप पेटणारा होम हे दोन प्रयोग करावेत का?
— एक शिक्षिका, लातूर

लिंबाचा जरूर करा. लाल जास्वंदीच्या चार-पाच ताज्या पाकळ्या स्टीलच्या सुरीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी चोळा आणि दहा मिनिटं वाळू द्या. पात्यावर जांभळट डाग राहतात, दोन हातांवरून दिसत नाहीत. लिंबू कापलं की आम्लामुळे तो रंग लाल होतो आणि रस रक्तासारखा गळतो. फसतो तो तीन कारणांनी: पाकळ्या शिळ्या, लिंबू सुकलेलं, नाहीतर लोखंडी विळी, जिच्यावर रस काळपट होतो. प्रयोगशाळेतलं मिथिल ऑरेंज लावलं तर लाल अधिक भडक येतो, पण मग ते लिंबू कुणाच्या तोंडी जाऊ देऊ नका.

जोडीला हळद घ्या. चमचाभर हळदीत चिमूटभर चुना आणि दोन थेंब पाणी घालून मळा, लालभडक होईल. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. घरी कुंकू करायची जुनी रीतही हळदीवरच्या याच रासायनिक बदलावर उभी आहे, हे मुलांना सांगा. आजीला विचारून येतील.

होमाचा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की उष्णता साठत जाऊन भडका उडतो. "तूप" म्हणून जे ओततात ते ग्लिसरीन असतं. पण भडका केव्हा उडेल ते पूड किती बारीक आणि हवा किती गार यावर ठरतं. थंडीच्या सकाळी मिनिटभर काहीच होत नाही, कुणीतरी वाकून बघायला जातं आणि नेमका तेव्हाच जाळ उठतो. करायचाच तर शिक्षकांनी, मोकळ्या मैदानात, वाळूवर ठेवलेल्या लोखंडी तव्यात, पाव चमचा पुडीवर आणि मुलं तीन मीटर लांब ठेवून. सोडियमचे तुकडे आणि जिभेवरचा कापूर पूर्णपणे वर्ज्य.

प्रयोगापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी "चमत्कार" करा आणि गप्प राहा. पाच मिनिटं मुलांना वहीत अंदाज लिहू द्या. मग विचारा, काय बदलून बघितलं तर खात्री पटेल? "माझं लिंबू, माझी सुरी" हे उत्तर एखाद्या मुलानं स्वतः दिलं की तुमचं काम झालं. लगेच गुपित फोडलं तर मुलं "बाई जादू करतात" एवढंच घरी घेऊन जातात. आणि एक खबरदारी: युक्तीनं असं करता येतं म्हणजे अमक्या बुवानं तसंच केलं, हे आपोआप सिद्ध होत नाही. ते कुणीतरी विचारेलच. उत्तर तेच, आपलं लिंबू आणि आपली सुरी.

आमच्या गुरुजींनी पत्रिका पाहून माझा स्वभाव तंतोतंत सांगितला. याला काय म्हणाल?
— एक वाचक, डोंबिवली

स्वभाव सांगितला, पण तो तुमच्याशिवाय आणखी कुणाला लागू पडत नाही का, हे बघायचं राहिलं. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 39 विद्यार्थ्यांना "तुमच्या चाचणीवरून काढलेलं" स्वभाववर्णन दिलं आणि पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.26 आली. वर्णन सगळ्यांना एकच होतं, तेही बरंचसं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. "वरून कठोर, आतून हळवे, केल्या कष्टाचं चीज होत नाही" हे न पटणारा माणूस डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये शोधून दाखवा.

पत्रिकेचीच परीक्षा हवी असेल तर तीही पुण्यात झालेली आहे. 2008 साली जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि ज्योतिषाचे जाणकार प्रकाश घाटपांडे यांच्यासह ती घेतली. शंभर हुशार शाळकरी मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मांडून घेतल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषाला त्यांतल्या कुठल्याही चाळीस पाठवायच्या आणि हुशार कोण ते त्यानं ओळखायचं. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते. सगळ्यात वर होता तो चाळीसपैकी 24 वर. गुरुजींच्या समोर तुम्ही बसलेले असता. तुमचे कपडे, वय, बोलणं, मान डोलावणं सगळं त्यांना दिसतं. त्या चाळीस पाकिटांना मान डोलावता येत नव्हती.

लिंबू-मिरचीच्या दोऱ्यातून क जीवनसत्त्व हवेत पसरतं, म्हणून पूर्वजांनी ती दाराला बांधली, हे खरं का?
— एक वाचक, नाशिक

नाही. क जीवनसत्त्व हवेत उडत नाही, आणि हवेतून घेऊन त्याचा उपयोगही नाही. आवळा खा. बांधणाऱ्या आजीनं जीवनसत्त्वाचा दावा कधीच केला नव्हता, ती सरळ "दृष्ट" म्हणत होती. तिला लाज वाटत नव्हती, आपल्याला वाटते, म्हणून वर विज्ञानाचा शिक्का मारतो. आमच्या मते हा प्रकार मूळ समजुतीपेक्षा वाईट, कारण दृष्टीवर शंका घेणारा मुलगाही "सायंटिफिक" म्हटलं की गप्प बसतो.

गावातला भगत सापाचं विष मंत्रानं उतरवतो. त्याच्याकडून बरे झालेले दहा जण मी दाखवू शकतो.
— एक वाचक, पालघर जिल्हा

दाखवाल, आणि ते खरेच असतील. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही. ते सगळे भगताच्या खात्यावर जमा होतात. जे मरतात त्यांचं "आयुष्यच संपलं होतं". माणसं मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे, आणि आपल्याकडची प्रतिसर्पविष लस याच चौघांवर बनते. मण्यार रात्री अंथरुणात चावते, वेदना जवळजवळ नसते आणि दातांची खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात. तोवर भगताचा उतारा "लागू" पडलेला असतो.

आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. बांगड्या, अंगठी, जोडवी काढा. हात किंवा पाय लाकडाच्या फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, रुग्णाला चालवू नका आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात 2 मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून लस देतात. गोठलं म्हणून नाग-मण्यारीचा धोका टळत नाही, तो पापण्यांवरून आणि श्वासावरून बघतात.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रार पोलीस ठाण्यात, या कायद्यासाठी नेमलेल्या दक्षता अधिकाऱ्याकडे. मात्र रात्री दोन वाजता कायदा सांगत भगताच्या अंगणात वाद घालत बसू नका. "मंत्र गाडीत म्हणा" असं सांगून त्यालाच बरोबर घ्या आणि गाडी दवाखान्याकडे वळवा.